इंग्रजीत आवड-नावड सांगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'मला हे आवडतं' आणि 'मला हे आवडत नाही' ही वाक्यं इंग्रजी शिकणारा अगदी सुरुवातीलाच शिकतो. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या सीईएफआर या युरोपीय चौकटीतही आवड-नावड सांगता येणं हे ए-२ या खालून दुसऱ्या पायरीवर ठेवलं आहे. तरीही वर्षानुवर्षं इंग्रजी वापरणारी माणसं नेमकी इथेच अडखळतात. शब्द कमी पडतात असं नाही. 'लाइक', 'लव्ह', 'हेट' सगळ्यांना येतात, पण त्यांच्याभोवतीचं वाक्य मराठीच्या सांगाड्यावर उभं राहतं. खालचे बरेचसे प्रश्न त्यातूनच आलेले आहेत. इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत, मोठ्याने म्हणत वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

'मला चहा आवडतो' हे वाक्य इंग्रजीत जाताना नेमकं काय बदलतं?

कर्ता बदलतो. मराठीत क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं: चहा आवडतो, कॉफी आवडते, पुस्तकं आवडतात. ज्याला आवडतं तो माणूस 'मला', 'तिला', 'त्यांना' असा बाजूला असतो. इंग्रजीत तोच पुढे येतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं. 'आय लाइक टी', 'शी लाइक्स टी', 'दे लाइक टी'. वस्तू एक असो की पन्नास, क्रियापदाला त्याचं काही नाही.

नियम सोपा आहे, सवय लागायला वेळ लागतो. 'माय ब्रदर लाइक डॉग्ज' हे वाक्य किती वेळा ऐकू येतं! डोक्यात 'कुत्रे आवडतात' असतं आणि जीभ त्या अनेकवचनाला धरून चालते. बरोबर वाक्य 'माय ब्रदर लाइक्स डॉग्ज', कारण इथे भाऊ एकच आहे. नकारात मात्र तो 'स' परत लावायचा नाही. 'ही डझन्ट लाइक डॉग्ज' म्हणताना 'डझन्ट'मध्ये तो आधीच येऊन गेलेला असतो. प्रश्नातही तसंच, 'डझ ही लाइक डॉग्ज?'

आपली रचना उलटी आणि इंग्रजीची सरळ असं मात्र समजू नका. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'लाइक'च्या पूर्वज क्रियापदाचा अर्थ 'पसंत पडणे' असा होता, वस्तू कर्ता असायची आणि माणूस 'मला'सारख्या रूपात यायचा. म्हणजे थेट आपल्यासारखंच. पुढच्या काही शतकांत इंग्रजीने बाजू बदलली. 'मला वाटतं' या अर्थाचा 'मेथिंक्स' हा जुना शब्द त्या रचनेची खूण म्हणून अजून कधीमधी दिसतो.

'डिड यू लाइक इट?' या प्रश्नाला 'येस, आय लाइक्ड' एवढं उत्तर पुरतं का?

नाही. मराठी माणसाच्या इंग्रजीत सर्वांत जास्त दिसणारी, आणि कुणी सहसा दुरुस्त न करणारी, ही चूक आहे. 'आवडलं का?' 'हो, आवडलं.' आपल्याकडे काय आवडलं ते सांगावं लागत नाही. इंग्रजीत 'लाइक' हे क्रियापद कर्माशिवाय लटकतं. त्यामुळे एक तर 'येस, आय डिड' म्हणा, नाहीतर 'येस, आय लाइक्ड इट'. तो छोटासा 'इट' गाळला की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो.

'एन्जॉय'चंही तेच. 'वी एन्जॉइड अ लॉट' हे आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटतच नाही. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस 'वी एन्जॉइड इट अ लॉट', 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज' किंवा सरळ 'वी हॅड अ ग्रेट टाइम' असं म्हणेल. जेवण समोर ठेवताना किंवा निरोप घेताना नुसतं 'एन्जॉय!' म्हणतात ते चालतं, तो ठरून गेलेला उद्गार आहे.

हाच 'इट' आणखी एका ठिकाणी कामाला येतो. 'तू उशिरा येतोस ते मला आवडत नाही' हे कसं सांगाल? 'आय डोन्ट लाइक इट व्हेन यू आर लेट.' 'पाऊस पडला की मला आवडतं' म्हणजे 'आय लाइक इट व्हेन इट रेन्स'. 'मला इथे आवडतं' म्हणजे 'आय लाइक इट हिअर'. 'आय लाइक हिअर' नव्हे. ही तीन वाक्यं पाठ केलीत तरी या साच्यातली पुढची वाक्यं आपोआप सुचू लागतात.

भेटवस्तू उघडून 'आय लाइक्ड इट' म्हटलं तर काय बिघडलं?

व्याकरणाने काहीच बिघडलं नाही. अर्थ मात्र सरकला. मराठीत एखादी गोष्ट आत्ता नजरेला भरली तरी आपण भूतकाळी रूप वापरतो: 'हा रंग मला आवडला', 'छान, आवडली हं पर्स!' आवडण्याची क्रिया घडून गेली, म्हणून भूतकाळ. इंग्रजीत आवड ही चालू असलेली अवस्था मानतात. वस्तू समोर आहे, आवड अजून आहे, तर वर्तमानकाळच हवा: 'आय लाइक इट', किंवा भेट मिळाल्यावर जरा सढळ हाताने, 'ओह, आय लव्ह इट!' अशा वेळी 'आय लाइक्ड इट' म्हटलं, तर तेव्हा आवडलं होतं आणि आता तितकंसं नाही, अशी शंका देणाऱ्याच्या मनात येऊ शकते.

कपडे घेतानाही 'आय लाइक्ड दिस वन' ऐवजी 'आय लाइक दिस वन'. सिनेमा संपला, सहल आटोपली, मुलाखत झाली, तिथे भूतकाळ बरोबर आहे: 'आय लाइक्ड द फिल्म'. अनुभव संपलेला असेल तर 'लाइक्ड', वस्तू समोर किंवा जवळ असेल तर 'लाइक', एवढं लक्षात ठेवलं की बहुतेक वेळा निभावतं.

'आय ॲम लाइकिंग इट' चूकच का? मग त्या जाहिरातीत कसं चालतं?

ती जाहिरात म्हणजे मॅकडॉनल्ड्सची २००३ मध्ये आलेली 'आयम लव्हिन इट' ही घोषणा. ती लक्षात राहते, याचं एक कारण म्हणजे तिच्यात नेहमीची वहिवाट मोडलेली आहे. 'लाइक', 'लव्ह', 'हेट', 'प्रीफर' ही अवस्था दाखवणारी क्रियापदं, आणि अवस्थेला सहसा चालू काळ लावत नाहीत. 'आय ॲम लाइकिंग धिस सिटी' ऐवजी 'आय लाइक धिस सिटी'.

'सहसा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. नव्या नोकरीत महिनाभर झालेल्या मित्राला 'हाऊ आर यू लाइकिंग द न्यू जॉब?' असं इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही विचारतात. तिथे अनुभव अजून ताजा आहे आणि मत बनतंय, हे त्यांना सुचवायचं असतं. पण परीक्षेत आणि कामाच्या पत्रात ही सूट घेऊ नका. चालू काळच हवा असेल तर 'एन्जॉय' वापरा. त्याला काहीच अडचण नाही: 'आय ॲम एन्जॉइंग द कोर्स.'

'लाइक'नंतर आयएनजी लावायचं की 'टू'?

दोन्ही चालतं: 'आय लाइक रीडिंग', 'आय लाइक टू रीड'. 'लव्ह', 'हेट' आणि 'प्रीफर' यांचंही तसंच. चालत नाही ते तिसरं, नुसतं 'आय लाइक रीड'.

अर्थात फरक आहे का? अमेरिकेत जवळजवळ नाही. ब्रिटिश वळणात एक बारीक छटा आहे आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. आयएनजी रूपातून बहुधा त्या कामातला आनंद दिसतो, 'टू'मधून सवय किंवा 'असं करणं बरं' हा विचार. 'आय लाइक टू चेक माय ईमेल्स ट्वाइस' म्हणणाऱ्याला ईमेल तपासण्यात मजा येते असं नाही, ते केलेलं बरं असं त्याला वाटतं. 'आय लाइक कुकिंग' म्हणणाऱ्याला मात्र स्वयंपाक करायला खरंच आवडतो. बोलताना हा फरक चुकला तर कुणी अडवणार नाही, त्यामुळे इथे फार वेळ घालवू नका.

वेळ घालवायचा तर तो पुढच्या गटावर घाला. 'एन्जॉय', 'डिसलाइक', 'डोन्ट माइंड' आणि 'फील लाइक' यांच्यानंतर फक्त आयएनजी येतं. 'आय एन्जॉय टू रीड' हे चूक, 'आय एन्जॉय रीडिंग' हे बरोबर. 'कान्ट स्टँड'नंतरही आयएनजीच वापरा: 'आय कान्ट स्टँड वेटिंग इन क्यूज.' शिवाय 'ऑफ', 'ऑन', 'इन', 'ॲट' यांच्यापुढे क्रियापद आलं की ते आयएनजी घेऊनच येतं: 'फॉन्ड ऑफ सिंगिंग', 'कीन ऑन ट्रॅव्हलिंग', 'इंटरेस्टेड इन लर्निंग'. 'आय ॲम इनटू पेंटिंग' हा बोलण्यातला मोकळा प्रकारही याच वर्गातला.

यात फसवणारा एकच आहे. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' हा क्रियापदाआधीचा 'टू' नव्हेच. तो 'ऑफ', 'इन' यांचा भाऊ आहे. म्हणून 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'टू मीट यू' असं लिहून पाठवलेली पत्रं रोज हजारोंनी जात असतील.

'डू यू लाइक कॉफी?' आणि 'वुड यू लाइक कॉफी?' यांत फरक काय?

पहिल्यात तुमची आवड विचारली आहे, दुसऱ्यात आत्ता कॉफी घेणार का ते. पाहुण्याला 'डू यू लाइक कॉफी?' विचारून तुम्ही नुसतेच बसून राहिलात, तर त्याला काहीच मिळणार नाही आणि तोही काही बोलणार नाही. 'वुड लाइक' म्हणजे 'हवं आहे'चं सभ्य रूप. 'आय वॉन्ट अ विंडो सीट' हे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, 'आयड लाइक अ विंडो सीट' ऐकायला बरं वाटतं.

'वुड लाइक'पुढे क्रियापद आलं तर फक्त 'टू': 'आयड लाइक टू बुक अ रूम'. दुसऱ्याने काही करावं असं असेल तर 'आयड लाइक यू टू कम विथ मी'. इथे 'दॅट यू कम' अशी मराठीतल्या 'की'सारखी जोडणी करू नका.

उच्चारात 'आयड'मधला 'ड' इतका हलका असतो की तो ऐकूच येत नाही, आणि शिकणारा 'आय लाइक टू बुक अ रूम' असं म्हणून जातो. अर्थ होतो, 'खोली राखून ठेवायला मला आवडतं'. समोरचा संदर्भावरून समजून घेतो हे खरं, पण फोनवर बोलताना 'ड' जरा टेकवून म्हणायला काय हरकत आहे?

आमंत्रण आलं तर 'आयड लव्ह टू!' हा उत्साही होकार. नकार द्यायचा असेल तरी सुरुवात तीच: 'आयड लव्ह टू, बट आय ॲम बिझी ऑन संडे.' यातला 'लव्ह' मनापासून असतोच असं नाही, तो शिष्टाचाराचा भाग आहे.

'खूप आवडतं' कसं म्हणायचं? 'आय व्हेरी लाइक इट' का चालत नाही?

'व्हेरी' एकटा क्रियापदाला चिकटत नाही, त्याला 'मच' लागतो, आणि ती जोडी कर्माच्या मागे जाते: 'आय लाइक धिस सॉन्ग व्हेरी मच'. 'आय लाइक व्हेरी मच धिस सॉन्ग' नाही. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा कुणाला शिरू देत नाही. माझा सल्ला असा, की बोलताना 'व्हेरी मच'चा नाद सोडून 'रिअली' वापरा. 'आय रिअली लाइक धिस सॉन्ग'मध्ये जागा चुकण्याची भीती नाही आणि ते कानाला जास्त नैसर्गिकही वाटतं. 'अ लॉट'ही चालतं, पण शेवटी: 'आय लाइक इट अ लॉट'.

'आय लाइक इट टू मच' मात्र जपून. 'टू मच' म्हणजे प्रमाणाबाहेर, नको तितकं. 'फेवरेट'च्या आधी 'मोस्ट' लावायची गरज नसते. सगळ्यांत आवडतं म्हणूनच तर ते 'फेवरेट'. 'माय मोस्ट फेवरेट' ऐवजी 'माय फेवरेट', किंवा क्रियापदाने सांगायचं तर 'आय लाइक धिस वन बेस्ट'.

'आय लाइक डॉग' म्हटल्यावर समोरचा हसला. का?

कारण त्याला वाटलं, तुम्हाला कुत्र्याचं मांस आवडतं. प्राण्याच्या नावाआधी 'अ' किंवा 'द' नसेल आणि शेवटी अनेकवचनाचा 'स'ही नसेल, तर इंग्रजीत ते खाण्याच्या पदार्थासारखं ऐकू येतं. 'आय लाइक चिकन' जसं. एखादी जात किंवा प्रकार सरसकट आवडत असेल तर मोजता येणारी नामं अनेकवचनात घ्या: 'आय लाइक डॉग्ज', 'आय लाइक मिस्ट्री नॉव्हेल्स'. जे मोजता येत नाही ते तसंच: 'म्युझिक', 'टी', 'रेन'.

'द' लावलात की ठरावीक गोष्ट होते. 'आय लाइक म्युझिक' म्हणजे संगीताची आवड. 'आय लाइक द म्युझिक' म्हणजे आत्ता इथे वाजतंय ते किंवा त्या सिनेमातलं.

नावड सांगताना मी उद्धट वाटतो असं मला सांगितलं गेलं. वाक्य तर बरोबर होतं!

वाक्य बरोबर असूनही माणूस तुटक वाटू शकतो. इंग्रजी बोलणारे लोक, त्यातही ब्रिटिश, आवड जितकी मोकळेपणाने सांगतात तितकी नावड सांगत नाहीत. 'आय डोन्ट लाइक इट' असं कोरडं वाक्य यजमानाच्या तोंडावर टाकलं तर ते फटकारल्यासारखं लागतं. 'आय हेट इट' तर मित्रांमध्ये किंवा ट्रॅफिक, अलार्म असल्या निर्जीव शत्रूंबद्दलच बरं. 'डिसलाइक' हे क्रियापद पुस्तकी आहे. लिहिताना ठीक, गप्पांत ते उगाच गंभीर वाटतं.

मग काय म्हणायचं? पहिली युक्ती 'रिअली'ची, आणि इथे त्याच्या जागेवर सगळं अवलंबून आहे. 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे 'तसं काही विशेष आवडत नाही'. 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे 'मला ते अजिबात आवडत नाही'. शब्द तेच, जागा बदलली आणि सौम्यपणाचा कडकपणा झाला. ही अदलाबदल नकळत करणारे बरेच आहेत.

दुसरी युक्ती म्हणजे दोष वस्तूकडे न नेता आपल्या आवडीकडे न्यायचा. 'आय ॲम नॉट अ बिग फॅन ऑफ हॉरर फिल्म्स', 'इट्स नॉट रिअली माय थिंग', 'आय ॲम नॉट टू कीन ऑन इट', 'इट्स नॉट माय कप ऑफ टी'. सिनेमा वाईट आहे असं तुम्ही म्हटलंच नाही, तुमचं आणि त्याचं जमत नाही एवढंच. शेवटचा वाक्प्रचार जरा वापरून गुळगुळीत झालाय, म्हणून मी त्याआधीचे तीन सुचवेन.

तिसरी, आधी काहीतरी चांगलं बोलून मग 'बट'. 'द कलर इज लव्हली, बट आय ॲम नॉट शुअर अबाउट द डिझाइन.' इथला 'नॉट शुअर' म्हणजे खात्री नाही असं नव्हे. सरळ अर्थ 'डिझाइन पसंत नाही' असाच आहे. कामाच्या ईमेलमध्ये वरिष्ठ 'आय ॲम नॉट एन्टायरली कम्फर्टेबल विथ धिस' असं लिहितात, तेव्हा बदल करायला लागा.

आणि 'आय डोन्ट माइंड' व 'आय डोन्ट केअर' यांची गल्लत टाळा. चहा की कॉफी विचारलं आणि दोन्ही चालत असेल तर 'आय डोन्ट माइंड' किंवा 'आयदर इज फाइन'. 'आय डोन्ट केअर' म्हणजे 'मला काय त्याचं!' निदान तसं ऐकू येतं. नेमक्या याच प्रसंगात अनेक जण नकळत दुखावून जातात.

'क्वाइट' म्हणजे 'बऱ्यापैकी' की 'खूप'?

कोण बोलतंय त्यावर आहे. 'इट वॉज क्वाइट गुड' असं अमेरिकन माणूस म्हणाला तर ती बरीच मोठी स्तुती असते. ब्रिटिश माणसाच्या तोंडी तेच बहुधा 'ठीक होतं'च्या आसपास. पण 'आय क्वाइट लाइक इट' म्हणणाऱ्या ब्रिटिशाला ती गोष्ट खरंच आवडलेली असू शकते, आणि 'नॉट बॅड' ही त्याच्याकडून चांगली शाबासकी असू शकते. आवाज आणि चेहरा बघितल्याशिवाय उलगडा होत नाही. स्वतः बोलताना 'क्वाइट' टाळलं तरी काही अडत नाही.

'कॉफीपेक्षा चहा जास्त आवडतो' यात 'प्रीफर'बरोबर 'दॅन' येतं का?

येत नाही, तिथे 'टू' येतं: 'आय प्रीफर टी टू कॉफी', 'आय प्रीफर वॉकिंग टू ड्रायव्हिंग'. 'दॅन' हवा असेल तर 'आय लाइक टी मोअर दॅन कॉफी' म्हणा, रोजच्या बोलण्यात हेच जास्त ऐकू येतं. 'मोअर प्रीफर' असली जोडगोळी नको. आत्ताच्या निवडीसाठी 'वुड रादर' वापरा, आणि त्यापुढे क्रियापद अगदी मोकळं ठेवा, 'टू'ही नाही, आयएनजीही नाही: 'आयड रादर वॉक दॅन टेक द बस.' इथे 'दॅन' परत आला. काय करणार, तो या रचनेचा घरचाच आहे.

कुणी आपली आवड सांगितली, तर 'मलाही' आणि 'मलाही नाही' कसं म्हणायचं?

सोपा मार्ग: होकारी वाक्यावर 'मी टू', नकारी वाक्यावर 'मी नीदर'. जरा नेटका मार्ग: 'सो डू आय' आणि 'नीदर डू आय'. 'आय लव्ह द सी.' 'सो डू आय.' 'आय डोन्ट लाइक क्राउड्स.' 'नीदर डू आय.' भूतकाळ असेल तर 'सो डिड आय', 'आय ॲम' असेल तर 'सो ॲम आय'. समोरच्याने 'डोन्ट' म्हटल्यावर 'मी टू' म्हणालात तर गोंधळ उडतो. मत वेगळं असेल तर नुसतं 'रिअली? आय डू' किंवा 'ओह, आय डोन्ट' पुरतं. 'आय'वर जोर द्या, वाद न घालताही फरक कळतो.

'व्हॉट इज शी लाइक?' म्हणजे तिला काय आवडतं, हेच ना?

नाही! ती कशी आहे, स्वभावाने कशी आहे, असं विचारलंय. इथला 'लाइक' आवडीचा नव्हेच, तो 'सारखं' या अर्थाचा. उत्तर येईल 'शीज फनी अँड व्हेरी काइंड'. तिला काय आवडतं हे विचारायचं असेल तर 'व्हॉट डझ शी लाइक?' आणि दिसायला कशी आहे यासाठी 'व्हॉट डझ शी लुक लाइक?' तब्येत विचारायची तर 'हाऊ इज शी?' 'इज' आहे की 'डझ', एवढ्याकडे कान ठेवला की काम होतं.

'हाऊ डू यू लाइक युअर कॉफी?' हा आणखी एक चकवा. इथे कॉफी कशी हवी ते विचारलंय: दूध, साखर, कडक की सौम्य. 'व्हेरी मच' हे उत्तर दिलंत तर हशा ठरलेला.

'आय ॲम बोअरिंग' की 'आय ॲम बोअर्ड'?

कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड'. 'आय ॲम बोअरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा माणूस आहे. तसंच 'आय ॲम इंटरेस्टेड इन हिस्टरी', आणि इतिहास 'इंटरेस्टिंग'.

आधी आवडायचं, आता नाही. किंवा उलटं. हे कसं सांगू?

'आय यूज्ड टू लाइक इट' यात 'आता नाही' हे आपोआप येतं, वेगळं सांगावं लागत नाही. ब्रिटिश बोलीत 'आय हॅव गॉन ऑफ इट' म्हणजे मन उडालं. उलट दिशेला 'इट ग्रू ऑन मी' हा फार छान प्रयोग आहे: गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं, मग हळूहळू आवडायला लागलं. गंमत म्हणजे इथे वस्तूच कर्ता आहे, त्यामुळे मराठी माणसाला हे वाक्य पटकन जमतं. अजून पूर्ण आवडलं नसेल पण आवडू लागलं असेल तर 'इट्स ग्रोइंग ऑन मी'. पहिल्याच भेटीत न आवडणाऱ्या, सवयीने आवडणाऱ्या गोष्टीला 'ॲन ॲक्वायर्ड टेस्ट' म्हणतात.

आयईएल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तोंडी भागात आवडीबद्दल विचारतात. 'येस, आय लाइक इट' एवढ्यावर थांबलं तर?

तर परीक्षकाला गुण द्यायला काही उरत नाही. ही मुलाखत एकूण ११ ते १४ मिनिटांची असते. तिचा पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा, आणि त्यात घर, काम, छंद असल्या ओळखीच्या विषयांवर प्रश्न येतात. बोलण्यातला ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांचे गुण असतात. तुमची आवड चांगली की वाईट, खरी की रचलेली, याचे नसतात.

म्हणून आवड सांगा, लगेच कारण द्या आणि मग एक तपशील जोडा. 'डू यू लाइक कुकिंग?' याला उत्तर: 'नॉट रिअली, टु बी ऑनेस्ट. आय डोन्ट माइंड मेकिंग समथिंग सिंपल, बट आय कान्ट स्टँड वॉशिंग अप आफ्टरवर्ड्स.' दोनच वाक्यांत नकार, सवलत आणि कारण, तिन्ही आलं. 'बिकॉज इट इज व्हेरी इंटरेस्टिंग' हे कारण मात्र कारणच नव्हे. इंटरेस्टिंग का, ते सांगा. पाठ केलेलं लांबलचक उत्तर देऊ नका, परीक्षकांना ते लगेच ओळखू येतं.

नावड सांगायला घाबरू नका हेही सांगायला हवं. पुष्कळ जण सगळ्यालाच 'येस' म्हणतात आणि मग ज्यात रस नाही त्यावर बोलायचं काय, म्हणून अडकतात.

माणसाबद्दल 'आय लाइक हर' म्हटलं तर त्याचा भलता अर्थ निघतो का?

संदर्भावर आहे. नव्या सहकाऱ्याबद्दल 'आय लाइक हर, शीज व्हेरी ऑर्गनाइज्ड' म्हटलं तर त्यात दुसरं काही नाही. कारण जोडलं की संशय मिटतो. कुणाला एकटं गाठून 'आय लाइक यू' म्हटलं तर ते वेगळंच प्रकरण. ब्रिटिश बोलीतला 'फॅन्सी' जपून वापरा. 'डू यू फॅन्सी अ वॉक?' म्हणजे फिरायला येतोस का. 'डू यू फॅन्सी हिम?' म्हणजे तो तुला त्या अर्थाने आवडतो का.

'लाइक्स अँड डिसलाइक्स' म्हणताना जोर कुठे द्यायचा?

'डिसलाइक' एकटं असेल तर जोर 'लाइक'वर. जोडीने आलं की 'डिस'वर, कारण फरक तिथे आहे: 'लाइक्स अँड डिस-लाइक्स'. दोन्ही शब्दांच्या शेवटचा 'क्स' गिळू नका, आणि 'लव्ह्ज'मधला शेवटचा आवाज 'स' नसून 'झ'च्या जवळचा असतो.